कुत्र्या-मुंगसाच्या तावडीतून सुटलेली कोंबडी: इंदूरच्या परसातून नेहमी येणारे प्रश्न

खंडवा रोडकडच्या प्लॉटवर, महूच्या जुन्या बंगल्यांमागे, सुदामा नगरातल्या एखाद्या मागच्या अंगणात अशा चार-सहा कोंबड्या पाळणारी मराठी घरं इंदुरात आहेत. त्यांतल्या पुष्कळांकडे कडकनाथ, कारण ही काळी जात झाबुआची आणि झाबुआ इथून जेमतेम दीडशे किलोमीटर. खालचे प्रश्न त्या घरांतले आहेत. उत्तरं वाचताना एक धरून ठेवा: वर दिसणारी जखम कोंबडीला क्वचितच मारते. मारतो तो बसलेला धक्का, पिसांखाली न दिसलेलं दाताचं भोक, आणि दुसऱ्या रात्री परत आलेला तोच प्राणी.

आत्ताच कुत्र्याने धरली होती, सोडवली. आधी काय करू?

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा. पाच मिनिटं, मध्ये उचलून न बघता. सारखं उघडून पाहिलं की जमत आलेली गुठळी सुटते. रक्त थांबलं की पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी चादर अंथरून तिला त्यात ठेवा, भोकं पाडलेलं झाकण लावा आणि घरातल्या शांत खोलीत न्या. टीव्ही नको, शेजारी बघायला नकोत. मग बाहेर येऊन बाकीच्या कोंबड्या मोजा. एखादी तुळशीवृंदावनामागे किंवा गाडीखाली दडलेली सापडते.

डोळे मिटून निपचित पडलीय. गेली का?

थांबा, खड्डा खणू नका. शिकाऱ्याने धरलं की कोंबडी मेल्याचं सोंग घेते, म्हणजे ते सोंगही नसतं, शरीर आपोआप ताठरतं. काही मिनिटांत अशी कोंबडी एकदम उठून चालू लागते. छाती हलतेय का बघा, डोळ्याच्या कडेला हळूच बोट लावा, पापणी हलली तर जीव आहे.

धक्का मात्र खराच असतो आणि त्यावर उपाय ऊब, अंधार आणि शांतता एवढाच. कोंबडीच्या अंगाचं तापमान निरोगी असताना ४१ अंशांच्या आसपास, माणसापेक्षा चांगलं चार अंशांनी जास्त. त्यामुळे आपल्या हाताला 'ठीक' वाटणारी कोंबडी प्रत्यक्षात गार पडलेली असू शकते. डिसेंबर-जानेवारीत खोक्याच्या एकाच बाजूला साठचा पिवळा बल्ब किंवा फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. एकाच बाजूला, कारण गरम झालं तर तिला सरकता आलं पाहिजे. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बल्बचं नावही काढू नका. चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल तर तिला थंडाव्याची गरज आहे.

पाणी कधी, दाणा कधी?

मान स्वतः उचलून धरायला लागली की पाणी. चोचीच्या कडेला ड्रॉपरने एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. चोच उघडून पाणी ओतणं हा घरोघरी होणारा सगळ्यात घातक प्रकार. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. मेडिकलमधलं ओआरएस पाकिटावर लिहिलंय तसं पातळ करून एक-दोन दिवस चालतं, मग साधं पाणी. दाण्याची घाई नको. प्रौढ कोंबडीने एक दिवस खाल्लं नाही तर बिघडत नाही, प्यायलीच नाही तर बिघडतं.

वरून तर काहीच दिसत नाही. जखम शोधायची कशी?

ती सावरली की, म्हणजे तासा-दोन तासांनी. दोघं जण हवेत: एकाने टॉवेलमध्ये गुंडाळून धरायची, दुसऱ्याने बघायचं. पिसांवर हात फिरवून काही कळत नाही. पिसं उलट्या दिशेने फुंकर मारून किंवा ओल्या बोटांनी विंचरून बाजूला करा, म्हणजे कातडी दिसते. पाठ आणि शेपटीचं मूळ, दोन्ही पंखांखालची बगल, मांड्यांची आतली बाजू, मानेचा मागचा भाग, शेवटी गुदद्वाराभोवती. कुत्रा बहुधा पाठीवर धरतो, मुंगूस मानेवर आणि डोक्यावर.

पिसं एका जागी चिकटून झुबका झाला असेल तर तिथे थांबा, खाली रक्त किंवा लस वाळलेली असते. कातडी फुगली असेल आणि बोटाने दाबल्यावर चुरचुरत असेल तर आतली हवेची पिशवी फाटून हवा कातडीखाली शिरलीय. ती टाचणीने फोडायला जाऊ नका, डॉक्टरकडे न्या. प्यायलेलं पाणी गळ्याखालून बाहेर ठिबकत असेल तर अन्नपिशवी फाटलीय. तीही शिवता येते, पण डॉक्टरकडेच. आणि एकदा पाहून झालं असं समजू नका. मुका मार दुसऱ्या दिवशी वर येतो, तेव्हा सकाळच्या उजेडात पुन्हा बघा.

आमच्या कडकनाथ आहेत. तुरा पांढरा पडला की जांभळा, हे कळायचं कसं?

कळत नाही. गावठी किंवा ऱ्होड आयलंड जातीच्या कोंबडीत फिकट तुरा म्हणजे रक्त गेलं, जांभळा म्हणजे श्वासाचा त्रास, असा ताळा लावता येतो. कडकनाथची कातडी, तुरा, जीभ सगळंच काळपट, त्यामुळे काळंनिळं पडलेलंही त्यात मिसळून जातं. मग रंगाचा नाद सोडून हाताने तपासायचं. तुरा आणि पाय गार लागतात का, श्वास घेताना शेपूट वरखाली होते का, एका ठिकाणी हात लावला की अंग चोरते का, संध्याकाळी अन्नपिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी होते का. डाव्या-उजव्या बाजूची जाडी बोटांनी पडताळा: सुजेला रंग लागत नाही. रक्त तिचंही लालच असतं, पण काळ्या पिसांवर ते वाळलं की दिसत नाही. पांढरा टिश्यू पेपर ओला करून पिसांवर दाबला तर लाल डाग उमटतो.

जखम धुवायची कशाने? हळद भरू का?

मिठाच्या पाण्याने. लिटरभर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. सुई काढलेल्या सिरिंजने धार मारत मारत माती, पिसं, कोंडा निघेपर्यंत धुवा. पिसं जखमेत शिरत असतील तर कात्रीने कापा, उपटू नका. मग पोव्हिडोन आयोडीन, तेही नऊ भाग पाणी घालून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण भरत आलेली कातडीही त्याने जळते. पंखाच्या वरच्या हाडाजवळ किंवा छातीत खोल भोक असेल तर तिथे धार मारू नका. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि हवेच्या पिशवीला जोडलेलं असतं, पाणी तिथून आत जातं.

हळदीबद्दल: वरवरच्या ओरखड्यातून रक्त थांबवायला चिमूटभर हळद चालते. खोल भोकात हळद-तूप कोंबणं चुकीचं. वर छान खपली धरते आणि आत पू होत राहतो. पक्ष्यांचा पू पातळ होऊन वाहतही नाही, पनीरच्या खड्यासारखा घट्ट गोळा होऊन बसतो, दाबून निघत नाही. फेविक्विकने कातडी चिकटवण्याचा उद्योगही त्याच कारणासाठी नको. चावलेली जखम घरी बंद करायची नसते, आतून भरू द्यायची असते. डोक्यावरची, पाठीवरची भली मोठी सोललेली जागासुद्धा स्वच्छ राहिली तर कोंबडी आश्चर्य वाटावं इतकी भरून काढते.

मांजराने नुसतं धरलं होतं. दोन बारीक भोकं आहेत, बाकी काही नाही.

मला सगळ्यात जास्त धास्ती याच जखमेची वाटते. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक आणि लांब, कातडी लगेच मिटते आणि पास्चुरेला नावाचे जिवाणू आत राहतात. कोंबडी दिवसभर ठीक दिसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढेपाळते. मांजराचा दात लागला असेल तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्रतिजैविक सुरू करा.

जखमेवर माश्या बसतात.

श्रावणात हे ठरलेलंच. निळसर-हिरव्या माश्या जखमेच्या कडेला पांढरट अंडी घालतात आणि उबेत त्यांच्या अळ्या एका दिवसाच्या आत बाहेर पडतात. म्हणून जखमी कोंबडी जाळीच्या दाराआड घरात, आणि जखम सकाळ-संध्याकाळ बघायची. कडुनिंबाचं तेल जखमेभोवतीच्या पिसांना लावा, जखमेत नाही. अळ्या दिसल्याच तर कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आत किती खोल गेल्यात ते घरी कळत नाही. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात ते पाहून कोंबडीवर प्रयोग करू नका. फिनाइल तर मुळीच नको.

पंख लोंबतोय. बांधू का?

बांधा, पण पंख मिटलेल्या स्थितीत आणि सैल. स्वतःलाच चिकटणारी पट्टी मेडिकलमध्ये मिळते, साधा चिकटपट्टा पिसं उपटतो. अंगाभोवती वेढा घ्यायचा असेल तर पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. छाती आवळली तर पंख जुळेल आणि कोंबडी जाईल. मोडलेलं हाड तीनेक आठवड्यांत धरतं. हाड बाहेर दिसत असेल तर बांधू नका, ओल्या स्वच्छ फडक्यात झाकून न्या.

न्यायची कुठे? इथे सगळे कुत्र्या-मांजरांचेच डॉक्टर आहेत.

खरी अडचण आहे. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथे कुक्कुटपालन हा शिकवण्याचाच विषय, म्हणून कोंबडी घेऊन आलात तर कोणी हसत नाही. शासकीय पशुचिकित्सालयातही विचारा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे, फोन केल्यावर पक्षी बघतील का हे आधीच विचारून घ्या. पाळीव प्राण्यांच्या खासगी डॉक्टरकडे जाणार असाल तर 'पोपट-लव्हबर्ड बघता का' असं विचारा. जो हो म्हणेल तो कोंबडीही बघेल.

औषध लिहून घेताना दोन गोष्टी: अंडी किती दिवस खायची नाहीत, आणि औषधाचं नाव. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला भारतात २०१९ पासून बंदी आहे. जुनी पाकिटं कोणी पुढे केली तर घेऊ नका.

दुखत असेल ना तिला. क्रोसिनचा तुकडा देऊ?

नको. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या अंदाजाने देऊ नका, आणि ज्यात बेंझोकेन किंवा तसलं बधिर करणारं औषध आहे असा मलमही लावू नका. कोंबडीच्या वजनाला ते सहज जास्त होतं. वेदनेसाठी पक्ष्यांना चालणारं औषध आणि मात्रा डॉक्टर ठरवतील.

हल्ल्यानंतर मान वाकडी झालीय.

डोक्याला मार असू शकतो, विश्रांतीने हळूहळू सुधारतो. पण मान पिळणं हे रानीखेत या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगाचंही लक्षण आहे. लसीकरण झालेलं नसेल आणि दुसरीही कोंबडी तसं करायला लागली, हिरवी पातळ विष्ठा दिसली, तर हल्ला विसरा आणि रानीखेत धरून चाला.

किती दिवस वेगळी ठेवायची?

लाल काही दिसत नाही तोपर्यंत. कोंबड्यांना रक्त दिसलं की त्या टोचतात, एकीने सुरू केलं की सगळ्या, आणि बरी होत आलेली बहीण त्या दुपारभरात मारून टाकतात. यात दुष्टपणा काही नाही, जात तशी. मात्र तिला नजरेआड ठेवली तर आठ-दहा दिवसांत कळप तिला विसरतो आणि परतल्यावर परकी समजून झोडपतो. म्हणून ऊब-अंधाराचे पहिले एक-दोन दिवस संपले की खुराड्यातच जाळीचा आडोसा करा किंवा मोठ्या डालग्याखाली ठेवा, एकमेकींना दिसतील पण चोच पोचणार नाही अशी. परत सोडायची ती अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसल्या की हळूच मधे. सकाळी दाणा दोन-तीन ठिकाणी विखरून टाका, म्हणजे भांडायला सवड मिळत नाही.

कोंबडा गेला असेल तर कळपाची उतरंडच विस्कटते. थोडी मारामारी होणार. रक्त निघत नसेल तर मध्ये पडू नका.

ज्यांना काही लागलं नाही त्याही खुराड्यात शिरत नाहीत. जांभळाच्या झाडावर जाऊन बसतात.

त्यांना ती जागा लक्षात आहे. अंधार पडल्यावर उतरवून हाताने आत ठेवा, आठवडाभर संध्याकाळचा दाणा आतच टाका. दाराची दिशा किंवा दांडीची जागा बदलता आली तर आणखी बरं. झाडावर राहू देऊ नका, रात्री उदमांजर झाडावर चढतं.

अंडी बंद झाली.

होणारच. शरीर आधी जीव सांभाळतं. काहींची आठवड्यात सुरू होतात, काहींची महिन्या-दीड महिन्याने. त्यात पिसं झडायचा हंगाम किंवा दिवस लहान व्हायचा काळ आला तर संक्रांतीनंतरच. कडकनाथ तर मुळात कमी अंडी देणारी. सुरुवातीची अंडी बिनकवचाची, सुरकुतलेली येतील, त्याची काळजी नको, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. काळजी कधी करायची? ती शेपूट खाली पाडून पेंग्विनसारखी उभी राहते, पोट फुगलंय आणि अंडं पडत नाही, तेव्हा. आत अंडं फुटलं किंवा अडकलं असू शकतं आणि ते थांबण्याचं दुखणं नाही.

पिसं परत येतात का?

मुळासकट उपटलेली लगेच फुटू लागतात, काही आठवड्यांत अंग झाकतं. अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पिसं झडण्यापर्यंत तशीच राहतात. नवं पीस वाढताना त्यात रक्त असतं, ते मोडलं तर बरंच वाहतं, म्हणून त्या दिवसांत उगाच उचलून घेऊ नका.

खायला काय देऊ? घरात पोहे उरतातच.

इंदुरात पोहे उरतात हे पहिल्यांदा ऐकलं. साधे भिजवलेले पोहे चालतील, शेव-जिरावण घातलेले नाहीत, कोंबडीला मीठ सोसत नाही. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनतात, म्हणून उकडलेलं अंडं कुस्करून, भिजवलेले हरभरे ठेचून, आणि नेहमीचं लेअर खाद्य. सोयाबीन आपल्या माळव्यात मुबलक, पण कच्चं पचत नाही, भाजून किंवा शिजवूनच.

हल्ला कोणी केला ते ओळखता येतं?

बऱ्यापैकी. चार-पाच मेलेल्या, इकडेतिकडे पसरलेल्या, खाल्लेली एकही नाही: कुत्रे. मानेवर, डोक्यावर बारीक चावे आणि जेमतेम मुठीएवढी फट: मुंगूस, आणि तो दिवसाढवळ्या येतो. एकच कोंबडी नाहीशी, थोडी पिसं कुंपणापर्यंत: मांजर, रानमांजर किंवा कोल्हा. जाळीच्या आत धड आहे, डोकं नाही: कोणीतरी जाळीतून ओढून तोडलंय. अंडी आणि पिल्लं गायब, खूण शून्य: धामण किंवा नाग. जमिनीत बीळ आणि पिल्लू त्यात ओढलेलं: घूस. मोकळ्यावर पिसांचं रिंगण: शिक्रा. राळामंडल अभयारण्याच्या बाजूला ठसे मोठे दिसले तर स्वतः माग काढत जाऊ नका, वन विभागाला कळवा, तिथे बिबट्या आहे.

आज रात्रीपुरतं काय करू?

एकदा जेवण मिळालेला प्राणी त्याच वेळी परत येतो, म्हणून जखमांइतकंच हेही आजच व्हायला हवं. खुराड्यावर भरवसा नसेल तर सगळ्या कोंबड्या बाथरूममध्ये किंवा गॅरेजमध्ये. सांडलेलं रक्त, पिसं, फुटलेली अंडी उचला.

मग रविवारी पक्कं काम. बाजारातली षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि खाली दीड-दोन फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पदरासारखी पसरून त्यावर विटा-माती टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथेच त्याला जाळी लागते. कडीला एक अडकवणी, कारण साधी कडी नाकाने उचलली जाते. छपराची फट बोटभरही नको.

पिंजरा लावून मुंगूस धरू का? कुत्र्यांना काही घालू का?

दोन्ही नको. मुंगूस, कोल्हा, घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुत्र्यांना विष घालणं हा गुन्हा आहे, आणि त्या विषाने शेजारची गाय आणि तुमचीच कोंबडीही मरते. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणाची जबाबदारी २०२३ च्या नियमांनुसार महापालिकेची, तक्रार तिथे करा.

कुत्रा पिसाळलेला असेल तर कोंबडीपासून आम्हाला धोका?

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, कोंबडीकडून तो होण्याची भीती धरायचं कारण नाही. धोका सोडवताना तुम्हाला लागलेल्या दाताचा किंवा नखाचा. ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी जा. कोंबडीच्या गडबडीत हे राहून जातं.

जखम एकही नाही, पण सकाळी तीन मेलेल्या सापडल्या.

मग हा हल्ला नाही. हात लावू नका, कापून बघू नका, पशुचिकित्सालयाला कळवा. डिसेंबर २०२० अखेरीस इंदुरातल्या डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मरून पडले होते, भोपाळच्या प्रयोगशाळेत त्यात एच५एन८ बर्ड फ्लू निघाला. परसात मेलेले कावळेही दिसत असतील तर अजिबात वेळ लावू नका.

हल्ल्यात मेलेली कोंबडी वाया कशाला घालवायची?

घालवा. जनावराच्या तोंडातले जिवाणू मांसात पसरलेले असतात. हातमोजे घालून तीन फूट खोल पुरा, वर चुना, वर दगड, नाहीतर रात्री तेच कुत्रे उकरतात.

वाचणार नाही असं केव्हा समजायचं?

पोट उघडं पडून आतडी बाहेर आलीत, किंवा दोन्ही पाय चिमटा काढूनही हलत नाहीत, किंवा दोन दिवस पाणी चोचीलाही लागू देत नाही आणि अंग गार, तर डॉक्टरांना विचारून तिला वेदनेतून कायमची सोडवा. एक डोळा गेलेली, एक पाय आखडलेली कोंबडी मात्र मजेत जगते. पाणी आणि दाणा तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला ठेवला की झालं.

सासूबाई म्हणतात दृष्ट काढा.

काढा की. फक्त ओवाळलेलं मीठ-मोहरी खुराड्यापासून लांब टाका.

कळप अर्धा झाला. नवीन कधी आणू?

आधी कुंपण, मग कोंबड्या. जुन्या नीट खायला लागल्या, जखमा भरल्या की आणा, आणि नव्यांना तीन-चार आठवडे वेगळ्या जागी ठेवा, वेगळं पाण्याचं भांडं, शेवटी त्यांचं काम करून हात-चपला धुणं. हाटातून आणलेल्या असतील तर रानीखेतची लस झालीय हे विकणाऱ्याच्या तोंडावर सोडू नका. डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या. एकटी आणू नका, दोन तरी आणा, म्हणजे जुन्यांचा मार वाटून जातो.